एकच दरवाजा: सामूहिक अपघातासाठी कॅज्युअल्टी तयार करतानाच्या नोंदी

आमचं रुग्णालय 200 खाटांचं. कॅज्युअल्टीत 8 खाटा, 2 ऑपरेशन थिएटर, 6 खाटांचं आयसीयू. एकाच वेळी तीस-चाळीस जखमी दारात आले तर काय करायचं, याची तयारी मार्चमध्ये माझ्याकडे आली. मी कॅज्युअल्टीची इनचार्ज डॉक्टर. हेच काम ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना आमच्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी जरा नीट करून इथे ठेवते आहे. पैसे फारसे लागले नाहीत, माणसांचे तास मात्र खूप गेले. जिथे मोजले तिथे लिहिले आहेत.

4 मार्च

कपाटातून जुनी आपत्ती योजना काढली. 64 पानं, शेवटची सही चार वर्षांपूर्वीची. वाचायला सव्वा तास लागला. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत एकटी असलेली सिस्टर हे कधी वाचणार?

शेवटच्या पानावर 46 फोन नंबर. क्लार्क आणि मी बसून सगळे लावून पाहिले. 17 नंबर एक तर लागेनात किंवा भलत्याच माणसाने उचलले. योजनेचे प्रमुख म्हणून ज्यांचं नाव होतं ते निवृत्त झालेले. तीन तास यातच गेले, पण हे पहिल्याच दिवशी केलं ते बरं झालं.

ठरलं असं: फाइल कपाटातच राहील, कामासाठी कार्डं करायची. एका जबाबदारीचं एक कार्ड, पोस्टकार्डाएवढं, गळ्यात अडकवायचं. त्यावर माणसाचं नाव नाही, फक्त पद. 'ड्यूटीवरची सर्वांत सीनियर सिस्टर' असं लिहिलं की रोस्टर बदलला तरी कार्ड जुनं होत नाही. खाली पहिली पाच कामं, करायच्या क्रमाने.

11 मार्च

स्टॉपवॉच घेऊन गेटपासून ओटीपर्यंत (ऑपरेशन थिएटरपर्यंत) रिकामं स्ट्रेचर ढकलत नेलं. एकूण 6 मिनिटं 40 सेकंद, त्यातली जवळजवळ तीन लिफ्टची वाट बघण्यात. कॅज्युअल्टीचा दरवाजा आतल्या बाजूला उघडतो, त्यामुळे समोरून दुसरं स्ट्रेचर आलं की दोन्ही अडकतात. ॲम्ब्युलन्स ज्या गेटने आत येते त्याच गेटने बाहेर जाते.

हे सगळं आम्हाला दिसलं. जे दिसलं नाही ते गेटवरच्या काकांनी सांगितलं. दुपारी ओपीडी सुटायच्या वेळी नातेवाइकांच्या गाड्या वळणावर उभ्या असतात आणि तेव्हा ॲम्ब्युलन्सला रोजच पाच-सात मिनिटं थांबावं लागतं. अकरा वर्षं ते बघत आहेत, त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीला ते आमच्यासोबत असतात.

निर्णय: जखमी एकाच दरवाजाने आत येणार. तिथेच ट्रायाज, म्हणजे कुणाला आधी उपचार हवेत ते ठरवून वर्गवारी करणं. त्या दरवाजाने कुणीही बाहेर जाणार नाही, रिकामं स्ट्रेचरसुद्धा नाही. ॲम्ब्युलन्स मागच्या गेटने बाहेर. दरवाजाची बिजागरी उलटी बसवून घेतली.

19 मार्च

ट्रायाजचे टॅग, म्हणजे रुग्णाला बांधायच्या वर्गवारीच्या चिठ्ठ्या, आले आणि वाया गेले. साधा जाड कागद, त्यावर बॉलपेनची शाई. ओल्या हातमोज्याने धरले की दोन मिनिटांत अक्षरं फिसकटतात. दोरी इतकी आखूड की मनगटाला प्लॅस्टर असेल तर बांधताच येत नाही. आणखी एक उणीव भूलतज्ज्ञांच्या लक्षात आली: जखम किती वाजता झाली हे लिहायला जागाच नव्हती. रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड जखमेपासून तीन तासांच्या आत द्यायचं असतं, 1 ग्रॅम 10 मिनिटांत. 2010 च्या क्रॅश-2 चाचणीनंतर ते सगळीकडे वापरात आलं. वेळच लिहिलेली नसेल तर पुढच्या डॉक्टरने ठरवायचं कशावरून? टूर्निकेटचंही (रक्त थांबवायला हातापायाला आवळून बांधायच्या पट्ट्याचंही) तेच, कधी बांधलं ते लिहिलेलं हवं. 300 टॅग टाकून दिले. न फाटणाऱ्या कागदावर नवे छापायला दिले, सोबत पर्मनंट मार्कर. एक आठवडा मागे गेलो.

दुपारी 14 सिस्टरांना ट्रायाजची स्टार्ट पद्धत शिकवली. लाल म्हणजे लगेच उपचार, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ जखमी, काळा म्हणजे मृत किंवा वाचवता येण्यासारखा नाही. शिकायला सोपी आहे: चालतो आहे तो हिरवा. श्वास नाही तर श्वासमार्ग उघडा. तरीही नाही तर काळा, सुरू झाला तर लाल. श्वास मिनिटाला 30 च्या वर, लाल. मनगटाची नाडी लागत नाही किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला 2 सेकंदांहून जास्त लागतात, लाल. साधी सूचना पाळता येत नाही, लाल. बाकीचे पिवळे. लहान मुलांसाठी जम्पस्टार्ट: श्वास नाही पण नाडी आहे, तर आधी 5 श्वास द्यायचे आणि मग ठरवायचं.

अवघड होतं ते हात आवरणं. प्रत्येक सिस्टर पहिल्याच रुग्णापाशी थांबून सलाइन लावायला जात होती. एक तर चार मिनिटं एकाच ठिकाणी. त्यांची चूक नाही, आयुष्यभर तेच शिकवलं आहे. नियम लिहून टाकला: ट्रायाजवर फक्त दोन गोष्टी करायच्या, श्वासमार्ग उघडणं आणि वाहतं रक्त थांबवणं. बाकी सगळं आत.

6 एप्रिल

पहिलं पूर्ण मॉक ड्रिल. नर्सिंगच्या 40 विद्यार्थिनी रुग्ण झाल्या. प्रत्येकीच्या खिशात तिची 'खरी' स्थिती लिहिलेली चिठ्ठी: 8 लाल, 10 पिवळे, 18 हिरवे, 4 काळे.

सव्वा तासात सगळं कोलमडलं. जसं आठवतं तसं लिहिते.

पहिल्या दहा मिनिटांत जे आले ते सगळे चालत आलेले. खऱ्या घटनांतही असंच होतं. ज्यांना चालता येतं ते मिळेल त्या गाडीने सर्वांत जवळचं रुग्णालय गाठतात आणि गंभीर जखमी मागून येतात. 2017 मध्ये लास वेगासच्या गोळीबारानंतर कितीतरी जखमी खासगी गाड्यांतूनच पोहोचले होते. हे मी वाचलेलं होतं, शिकवलंही होतं. तरी आमच्या आठही खाटांवर हिरवे रुग्ण झोपले आणि पहिला लाल आला तेव्हा त्याला ठेवायला जागा नव्हती.

टॅग लावले असे: 17 लाल, 9 पिवळे, 13 हिरवे, 1 काळा. म्हणजे लाल दुपटीहून जास्त. ट्रायाजवरच्या डॉक्टरला भीती वाटली की आपल्या हातून कुणी सुटायला नको, म्हणून शंका आली की लाल. ही भीती मला समजते. पण बॉम्बस्फोटांच्या अभ्यासांत दिसलं आहे की असा अतिट्रायाज जितका वाढतो तितके गंभीर रुग्णांतले मृत्यूही वाढतात, कारण ज्याला खरोखर ओटी हवी तो गर्दीत हरवतो. आमच्याकडे तेच झालं. आठपैकी सात खरे लाल त्या 17 मध्ये होते, पण पोटात रक्तस्राव असलेली मुलगी रांगेत सहावी राहिली. आठवी मुलगी तर हिरव्यांत बसून होती. चालत आली म्हणून हिरवा टॅग, मग 50 मिनिटं तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: प्लीहा फाटलेली, 30 मिनिटांनी बेशुद्ध. तिने ठरल्याप्रमाणे डोळे मिटून घेतले, लोकांना वाटलं दमून झोपली. ही गोष्ट मला रात्रभर छळत राहिली.

सीटीसमोर 9 जणांची रांग लागली. सगळ्यांचे सगळे एक्स-रे, सगळ्या रक्ततपासण्या, रोजच्या सवयीने. ड्रिल बघायला आणि मदतीला म्हणून वेगवेगळ्या वॉर्डांतून साठेक माणसं कॅज्युअल्टीत आली, त्यामुळे स्ट्रेचर वळेना.

सर्वांत वाईट चूक रक्तपेढीत सापडली. बेशुद्ध रुग्णांना 'अनोळखी 1, अनोळखी 2' असे क्रमाने आकडे दिले होते. 'अनोळखी 4' आणि 'अनोळखी 14' यांचे नमुने उलटसुलट झाले. खरी वेळ असती तर चुकीच्या गटाचं रक्त चढलं असतं.

किंमत: 112 माणसांचे प्रत्येकी चार तास. एकही तास वाया गेला असं मला वाटत नाही.

9 एप्रिल

आज फक्त नावांवर काम. बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर 2013 मध्ये तिथल्या एका रुग्णालयालाही अनोळखी रुग्णांच्या एकसारख्या नावांचा आणि आकड्यांचा त्रास झाला होता आणि त्यांनी पद्धत बदलली, हे वाचलेलं होतं.

आधी फुलांची नावं घेतली. अर्ध्या तासात सोडून दिली, कारण जाई, शेवंती ही बायकांची खरी नावंही असतात आणि केस पेपरवर ती पाहून कुणालाही वाटेल की ओळख पटली. मग झाडं घेतली. फोनवर वड आणि बेल, साग आणि साल यांत गोंधळ होतो हे लॅबच्या तंत्रज्ञांनी लगेच करून दाखवलं. म्हणून मोठी, वेगळ्या आवाजाची नावं ठेवली: चिंच, पिंपळ, औदुंबर, बाभूळ. सोबत दोन आकडी संख्या, क्रमाने न लावलेली. 'पिंपळ 37, पुरुष, अंदाजे 40.'

अशी 100 पाकिटं भरली. प्रत्येकात मनगटपट्टी, टॅग, केस पेपर, आधीच लेबल लावलेल्या रक्ताच्या नळ्या, जादा स्टिकर आणि कपडे-दागिने ठेवायला पिशवी. दारातून आत येताना पाकीट रुग्णाच्या अंगावर आणि ते त्याच्यासोबतच फिरणार. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी एक गोष्ट ठासून सांगितली: खरं नाव मध्येच कळलं तरी पट्टी बदलायची नाही. ओटी आणि रक्त चढवणं पूर्ण होईपर्यंत पिंपळ 37 हा पिंपळ 37 च. खरं नाव केस पेपरवर बाजूला लिहायचं.

पाकिटं भरायला चार जणांना दोन दिवस लागले. या सगळ्या कामात मला एकच गोष्ट ठेवायची परवानगी असती तर मी ही पाकिटं ठेवली असती.

त्याच बैठकीत आणखी तीन नियम झाले. हिरव्यांसाठी कॅज्युअल्टी नाही, ओपीडीचा हॉल. तिथे एक सिस्टर दर 30 मिनिटांनी प्रत्येकाची नाडी आणि पोट पुन्हा तपासणार. पहिल्या तासात सीटी फक्त एका सर्जनच्या परवानगीने, एरवी खाटेवर सोनोग्राफी. मदतीला आलेला प्रत्येक माणूस आधी सेमिनार हॉलमध्ये, तिथून बोलावल्यावरच कॅज्युअल्टीत.

18 एप्रिल

ऑक्सिजन. स्टोअरच्या नोंदीत 14 छोटे बी-टाइप सिलिंडर. प्रत्यक्ष तपासले तर 5 अर्धवट. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर वायू असतो. पिशवीच्या मास्कने मिनिटाला 15 लिटर दिला तर 100 मिनिटांत संपतो. ओपीडीच्या हॉलमध्ये किंवा व्हरांड्यात दहा रुग्ण ठेवायचे तर ही 14 नळकांडी दोन-अडीच तासांवर जात नाहीत. टोकियोचं सेंट ल्यूक्स रुग्णालय बांधतानाच व्हरांड्यांत आणि प्रार्थनागृहातही भिंतीला ऑक्सिजनची तोंडं बसवली होती. आमची इमारत उभी आहे, त्यामुळे निदान हॉलपर्यंत एक पाइप वाढवून मागितला. मंजुरी यायची आहे.

सिलिंडर उघडायची चावी एकच निघाली, तीही मामांच्या (वॉर्डबॉयच्या) खिशात. आता प्रत्येक ट्रॉलीला साखळीने बांधली आहे. रात्री स्टोअरची किल्ली कुणाकडे असते याची तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. किल्ली आता कॅज्युअल्टीत, काचेच्या पेटीत.

25 एप्रिल

जनरेटर दर आठवड्याला चालू करून बघतात, पण भार न देता. आज मेन स्विच पाडून खरा भार दिला. 11 मिनिटांनी बंद. टाकीच्या तळाचा गाळ फिल्टरमध्ये. शिवाय स्ट्रेचरची लिफ्ट जनरेटरच्या लाइनवर नाही, हे लिफ्ट थांबल्यावर कळलं. आत कुणी नव्हतं. तारीख ठरवून आणि आयसीयूत बॅटरी तपासून मगच हे करा. आम्ही तसं केलं होतं, तरी ती 11 मिनिटं मी आयसीयूच्या दारात उभी होते.

2012 च्या सँडी वादळात न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या रुग्णालयातून 300 हून जास्त रुग्ण जिन्यांवरून खाली आणावे लागले होते. तळघरात पाणी शिरल्यावर जनरेटरचा इंधनपुरवठाच तुटला होता. आमचा इंधनपंपही खालीच आहे. इलेक्ट्रिशियननी तो पहिल्या मजल्यावर न्यायचा नकाशा काढला आहे.

3 मे

खाटा रिकाम्या करायचा सराव, कागदावर. 200 पैकी 171 भरलेल्या. चार तासांत घरी जाऊ शकतील असे 31 निघाले. अडकलो ते डिस्चार्ज कार्डावर: एका कार्डाला 25 मिनिटं. अर्ध्या पानाची चिठ्ठी केली, औषधं आणि परत यायची तारीख एवढंच. कार्ड मागाहून.

14 मे

हा भाग मी पुढे ढकलत होते. पहिल्या ड्रिलमध्ये रुग्ण होते, नातेवाईक नव्हते, म्हणून आमचा एक मोठा दोष दिसलाच नाही. आज 12 जणांना नातेवाईक केलं आणि बाकी काही न करता फक्त तेवढंच चालवलं. एका आयाबाईंनी आई केली. मुलाचा फोटो हातात धरून त्या ट्रायाजच्या दारात उभ्या राहिल्या आणि प्रत्येक स्ट्रेचरवरची चादर उचलून पाहायला लागल्या. कुणाला त्यांना अडवता येईना. मलाही येईना.

नातेवाइकांची जागा आता वेगळ्या इमारतीत, गेटवरूनच तिकडे वळवायचं. तिथे दोन समाजसेवा अधिकारी, पाणी, स्वच्छतागृह, फोन चार्ज करायची सोय. दर तासाला कुणीतरी येऊन बोलायचंच, नवीन काही नसलं तरी तेवढं सांगायला यायचं. 'माहिती नाही' हे उत्तर लोक ऐकून घेतात. कुणी फिरकलंच नाही तर ते दार ढकलून आत येतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही आले असते.

काळ्या टॅगच्या रुग्णांसाठी योजनेत जागा होती, माणूस नव्हता. काळा टॅग म्हणजे सगळेच मृत नव्हेत. त्या गर्दीत ज्यांना वाचवता येण्यासारखं नाही असेही त्यांत असतात, आणि ते एकटे पडलेले असतात. तिथे एक सिस्टर, मॉर्फिन देण्याचा अधिकार असलेला एक डॉक्टर, आणि लाल रुग्ण कमी होताच पुन्हा तपासणी. हे कार्ड मेट्रन मॅडमनी (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांनी) स्वतःच्या गळ्यात घेतलं.

22 मे

रसायनाचा अपघात. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या मेट्रोत सरीन सोडल्यावर सेंट ल्यूक्समध्ये पहिल्याच दिवशी 640 रुग्ण आले, बरेचसे स्वतःच्या पायांनी. त्यांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. म्हणून कपडे दाराबाहेरच उतरवायचे, नुसत्या त्यानेही बरंचसं विष बाहेर राहतं. आम्ही बाहेर नळाला होज जोडला, पण पाणी उतरून थेट कॅज्युअल्टीच्या पायरीशी येत होतं. उतार फोडून नाली काढली. बायकांसाठी वेगळा पडदा पहिल्या खेपेला विसरलो होतो. पडदा नसता तर कुणी कपडे काढले नसते.

2 जून

दुसरं ड्रिल, न सांगता, रात्री दीडला. 36 रुग्ण, खरे लाल 7. आम्ही 9 लाल लावले, सातही त्यांत होते. नमुन्यांत एकही अदलाबदल नाही. बोलावण्याचे फोन मात्र पुन्हा अडले. ऑपरेटर एकटा, एकेकाला लावत बसला, 38 मिनिटं गेली. आता तो पाच जणांना लावतो आणि ते प्रत्येकी पाच जणांना.

28 जून

खरं झालं. बसचा अपघात, संध्याकाळी 7:10 ला पहिला जखमी. 55 मिनिटांत 23 जण: 4 लाल, 6 पिवळे, 12 हिरवे. एक जण पोहोचण्याआधीच गेला होता.

पहिले अकरा चालत आले आणि अकराही जण हॉलमध्ये गेले. पहिल्या लाल रुग्णाला खाट रिकामी मिळाली. 'बाभूळ 62' ला 9 पिशव्या रक्त लागलं. त्याचं नाव दुसऱ्या दिवशी कळलं.

चूकही लिहायला हवी. हॉलमधल्या सिस्टरला पहिल्या अर्ध्या तासाच्या सुमारास स्ट्रेचर उचलायला बोलावून घेतलं आणि ती फेरी राहिली. दुसऱ्या फेरीत, एका तासाने, एका मुलाचं पोट कडक लागलं. प्लीहा. थिएटर मोकळं होतं म्हणून लगेच घेता आलं. मुलगा बरा आहे. पण ती अर्धा तासाची फेरी आपली आपणच मोडली. हॉलच्या कार्डावर पहिली ओळ आता लाल शाईत आहे: ही जागा कुणाच्याही हाकेला सोडायची नाही.

30 जून

सगळ्यांना बसवून बोललो, स्वच्छता करणाऱ्या मावशींपासून सर्जनपर्यंत. मृताला उचलून नेणारे मामा काही बोलले नाहीत. त्यांना चार दिवस सुट्टी दिली आणि मेट्रन मॅडम रोज त्यांना फोन करत आहेत. यासाठी कार्ड नव्हतं. लिहायला घेतलं आहे.

वापरलेली 23 पाकिटं पुन्हा भरली. एका पाकिटात नळ्यांची मुदत सप्टेंबरमध्ये संपते, म्हणून बाहेरून तारीख लिहायला सुरुवात केली. 100 मोजून पेटीत ठेवली, पेटी दरवाजाच्या उजव्या हाताला.